समासातली नोंद

जानेवारीत गारा पडल्या, आणि चौदा जन्म.
साकायपाताच्या नोंदणी कचेरीत शेगडी नाही.
शाईची बाटली मी काखेत धरून उबवते,
मग लिहिते.
सातुर्निनो वार्कायाने पोराला राष्ट्राध्यक्षाचं नाव दिलं,
पहिलं, मधलं, सगळंच.
टोपी छातीशी धरून म्हणाला, "बाई, ठळक लिहा.
रस्ता देणार आहे तो आपल्याला."
मी ठळक लिहिलं.

मार्चमध्ये महापौराला पकडलं पुलाच्या सिमेंटसकट.
म्हणजे सिमेंट सापडलं, त्याच्या मेव्हण्याच्या गोठ्यात.
पूल नाही सापडला.

पावसाळा सरला. बटाटे बर्फात वाळत घातले.
रेडिओ रोज लिमातलं भांडण सांगायचा,
कोण कोणाला बडतर्फ करणार,
मध्येच खताची जाहिरात.
बाजारात बायका त्याचा क्वेचुआत अर्थ लावत,
फक्त दोन वाक्यांत.
त्यातलं एक मला इथे लिहिता येणार नाही.

अठ्ठावीस जुलैला घराघरावर झेंडा,
नाही लावला तर दंड.
तुतारीवाल्याचा ओठ थंडीने फुटला,
राष्ट्रगीताचं शेवटचं कडवं
ढोलावरच निभावलं.

सप्टेंबरात कागद आला: तसबीर उतरवा.
उतरवली.
नवी आली नाही. रिकाम्या खिळ्याला
मी कपाटाची चावी टांगली.
मग दुसरा आला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात,
याचे सहाच भरले.
त्याची तसबीर अजून बसच्या टपावर होती,
कोंबड्यांच्या खुराड्याखाली,
नाक्यावर दगड रचलेले, टायर जळत होते,
आणि ड्रायव्हर विचारत होता,
हिला आता उतरवू कुठे?

त्याच आठवड्यात सातुर्निनो परत आला.
"नाव बदलायचंय."
अर्ज, दोन साक्षीदार, महापौराची सही.
"महापौर?"
तुरुंगात.
तो बाकावर बसून राहिला. बायकोच्या पाठीवर
रंगीत कापडात राष्ट्राध्यक्ष झोपला होता,
तोंड उघडं, गाल उन्हाने तडकलेले.
त्याला कुणी काढून टाकलं नव्हतं.

लिमात लोक रात्री खिडक्यांतून
रिकामी भांडी बडवत होते म्हणे.
आमच्याकडे भांडी त्यासाठी मुद्दाम
रिकामी करावी लागत नाहीत.

नोव्हेंबरात बेनेदिक्ता टाकिरी आली,
बारा तासांच्या बसने, एकटीच.
टपावर काय होतं ते सगळ्या गावाने पाहिलं.
तिने कागद टेबलावर ठेवला
आणि हाताने सपाट केला, पुन्हा पुन्हा.
एफ्राइन, वय बावीस, वीजकामाचा विद्यार्थी.
चौक. संध्याकाळ. छातीत शिसं.

मी जुना खंड काढला. पान सापडलं.
अक्षर माझंच, तेव्हा गोल होतं,
नोकरीचा पहिलाच महिना.
जन्म पहाटे चार वाजता,
ठिकाण: वाटेत.
मला आठवलं, तेव्हाही ती बसनेच आली होती,
आणि ड्रायव्हरने तिकीट घेतलं नव्हतं
तिचं, किंवा त्याचं.

मृत्यूची नोंद डावीकडच्या समासात करायची असते.
तारीख, ठिकाण, दाखल्याचा क्रमांक.
कारण लिहायला नियमात जागा नाही.
बेनेदिक्ताला वाचता येत नाही.
तिने समासावर बोट ठेवलं:
"एवढीच जागा आहे का, बाई?"
शाई गोठली होती. मी बाटली काखेत धरली.
आम्ही दोघी तशाच बसलो,
ती ऊब यायची वाट पाहत.

मग मी लिहिलं. नियमापेक्षा तीन शब्द जास्त.
ते कुणी तपासायला आलं नाही.

डिसेंबरात सरकारकडून संगणक आला,
रस्ता नव्हता म्हणून खेचरावरून.
सोबत पत्र: जुन्या वह्या बंद करा.
तंत्रज्ञ पोरगा चुणचुणीत होता,
सगळं दाखवलं त्याने. नाव इथे,
आडनाव इथे, चूक झाली तर हे बटण.

मी पडद्याच्या डाव्या कडेवर बोट फिरवलं.
गुळगुळीत.
"इथे काय येतं?" मी विचारलं.
"तिथे? काही नाही," तो म्हणाला.