लाइफ जॅकेटांची पेटी

आईने बोट वर करून सांगितलं होतं,
जल्मा आदीं घरांत कितेंच हाडूं नाका.
पाळणा नाही, झबलं नाही,
टोपडं तर दुकानात हातातही धरायचं नाही.
पुस्तकांचं नाव तिने घेतलं नव्हतं,
पण कितेंच म्हणजे कितेंच,
आणि मी आईशी शब्दांवरून भांडणारा माणूस नाही.

फेरीबोट मात्र घर नव्हे.
नार्वे ते दिवाडी, पाच-सात मिनिटांचं पाणी,
मी खलाशी,
आणि डाव्या कठड्याला नारिंगी पेटी,
जिच्यातली जॅकेटं माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत
एकदाच बाहेर काढली, तीही उन्हात वाळवायला.
त्यांच्या खाली, दुधाच्या पिशव्या चिकटवून केलेल्या थैलीत
पहिलं पुस्तक ठेवलं. कासवाचं. जाड पुठ्ठ्याचं,
कोपरे गोल, चावलं तरी चालेल असं.

मग म्हापशाचा शुक्रवार.
रद्दीवाला मेहबूब किलोवर देतो.
एका पारड्यात वजन, दुसऱ्यात
दोन माकडं, एक आगगाडी,
आणि ढगांचं एक पुस्तक, ज्याला शेवटचं पान नव्हतं.
"हे असंच न्या," म्हणाला,
"पाऊस पडला की नाही ते तुम्हीच सांगा घरी."
आगगाडीवर पेन्सिलीने लिहिलेलं:
कु. तन्वेश फळदेसाई, पहिली, ब.
समीक्षा म्हणाली, खोडू नकोस.
आपल्याआधी कुणीतरी या डब्यात बसलं होतं
एवढं कळू दे त्याला.
किंवा तिला.

मोठ्याने वाचणं मला येत नव्हतं.
शाळेत मी धडा वाचायला उभा राहिलो की मास्तर विचारायचे,
वाचतोस की नांगर टाकतोस?
तर दुपारच्या रिकाम्या खेपेला
इंजिनाच्या आवाजात लपून
मी कावळा काढून पाहिला.
"कावळो असो उलयना," मागून कुणी म्हणालं.
रोझालिना, मांडीवर खुब्यांची पाटी.
तिने काढला तो खरा कावळा,
इतका, की दिवाडीच्या धक्क्यावरून दोघांनी उत्तर दिलं.

घरी कोंकणी, पुस्तकात मराठी,
काही पुस्तकांत खालच्या ओळीला इंग्रजी,
आणि पैलतीरी तीच कोंकणी रोमी अक्षरांत.
आधी कुठली द्यायची, असं सगळे विचारतात.
मला काय विचारता?
मी रोज दोन्ही काठांना लागतो.

पेटीची बातमी शाळेच्या पोरांना कुणी दिली, ठाऊक नाही.
एका सकाळी आगगाडी गायब.
चार दिवसांनी परत आली,
पाठीला चिकटपट्टी, बोगद्याच्या पानावर माशाचा खवला.
ढगांच्या पुस्तकाला कुणी वहीचा कागद शिवला होता,
सुईदोऱ्याने, वेडावाकडा:
पाऊस पडला. शाळेला सुट्टी. मजा.
हे माझ्या बाळाचं आहे, असं ओरडायला मी तोंड उघडलं
आणि तिकिटं विचारली.
पायी येणाऱ्यांना तिकीट नसतंच.
पोरं हसली.

आठव्या महिन्यात खात्याचा माणूस तपासणीला आला.
जॅकेटं मोजली, वीस.
पुस्तकं मोजली, एकतीस.
नोंदवहीच्या कुठल्या रकान्यात घालायची
याचा बराच विचार केला,
मग माकडांचं पुस्तक उभ्याउभ्या वाचून संपवलं
आणि पेन खिशाला लावलं.

काल आई बोटीवर आली.
दिवाडीला कुणाकडे तरी काम आहे म्हणाली,
पण तिथे उतरली नाही, त्याच खेपेने मागे.
सगळे बाक सोडून पेटीवर बसलेली.
नार्वेचा धक्का दिसू लागला तशी
पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढून माझ्या हातात दिली.
आत वाळवलेला कडुनिंब.
"हांगा ओल आसा रे."

एवढंच. झाकणाकडे तिने पाहिलंही नाही.
मी काही बोलणार, तोवर फळी धक्क्याला टेकली,
स्कूटरी सुरू झाल्या,
दोर कुणीतरी धरायला हवा होता.