विचारून येतो

सोमवारी आमची खानावळ बंद असते.
तरी इल्दे आली, नगरपालिकेकडून,
हातात फिरत्या औषधविक्याची असावी तशी पेटी.
बाहेर फेरारात धुकं इतकं दाट
की समोरच्या सायकलींची नुसती हँडलं दिसत होती.

ओरेस्ते आचारी हाताची घडी घालून उभा.
जन्मभर भोपळ्याचं सारण भरून पास्ता वळतोय तो.
त्याला पिठाबद्दल कोणी शिकवावं
हे त्याच्या मिशीला मान्य नव्हतं.
झेनो, नवा पोऱ्या, जांभई गिळत होता.
आणि मी, नेव्हिओ, एकतीस वर्षं ताटं वाहणारा,
खिडकीजवळची खुर्ची धरून बसलो.

इल्देनं आधी काही शिकवलं नाही.
गव्हाच्या पिठात तिची कसलीशी पूड मिसळली
आणि म्हणाली, करा रोजच्यासारखं.
ओरेस्तेनं मळलं, लाटलं, वळलं, मग चीज किसलं.
झेनोनं फडक्यानं ओटा पुसला.
मी लोण्याची वाटी उचलली, दार लोटलं,
सवयीनं चष्मा वर सरकवला.

मग तिनं दिवे मालवले
आणि एक जांभळी बत्ती पेटवली.

काय सांगू.
दाराच्या मुठीवर चार बोटं.
चाळणीच्या भोकाभोकांत, लाकडी पळीच्या भेगेत,
लोण्यात सुरीनं ओढलेली चमकती रेघ,
मिठाच्या बरणीत चिमूटभर चांदणं.
झेनोनं पुसलेला ओटा तर सारवल्यासारखा उजळ:
फडक्यानं पीठ काढलं नव्हतं, वाटलं होतं.
ओरेस्तेच्या भुवया.
माझ्या नाकावर, चष्म्याच्या दांडीशी, एक ठिपका.

कोणी हसलं नाही.
'आमच्याकडे हवाच पिठाची आहे,' ओरेस्ते पुटपुटला,
जणू खटला हवेवर चालू होता.

तेव्हा मला ती बाई आठवली, मागच्या ऑक्टोबरातली.
गहू चालत नाही, म्हणाली होती, दोनदा.
सॅलडवर पावाचे तळलेले तुकडे होते.
मी ताट आत नेलं, तुकडे बोटांनी वेचले, पाच की सहा,
मनात शंभरपर्यंत मोजलं,
आणि तेच ताट, तीच पानं,
नवं हसू लावून तिच्यापुढे ठेवलं.
ती धन्यवाद म्हणाली. जाताना दोन युरो ठेवून गेली.
त्या रात्री तिच्या पोटात काय झालं
मला ठाऊक नाही.
त्यासाठी कुठली बत्ती नसते.

इल्दे बोलत होती: वेचायचं नाही, ताटच नवं करायचं.
पाणी वेगळं, चाळणी वेगळी, तळणीचं तेल वेगळं,
हात धुवायचे, ॲप्रन बदलायचा, मगच.
'थोडंसं चालत असेल ना?' झेनो.
तिनं नखावर एक कण घेतला.
'हा तुला दिसतही नाही.
तिच्या आतड्याला दिसतो.'

शेवटी ती माझ्याकडे वळली.
गिऱ्हाईकानं विचारलं, या रश्शात पीठ आहे का,
आणि तुम्हाला माहीत नसलं, तर?
एकतीस वर्षं मी म्हणत आलो, नाही हो, बिनधास्त जेवा.
वेटरनं 'माहीत नाही' म्हणणं
म्हणजे भरल्या हॉलमध्ये हातातून ताट पडणं.
तिनं ते माझ्याकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं.
पहिल्यांदा आवाज फुटेना.
तिसऱ्यांदा ओरेस्तेही ओठ हलवत होता:
मला माहीत नाही. विचारून येतो.

गुरुवारी एक मुलगी आली, नऊएक वर्षांची, वडिलांबरोबर.
मेनूकार्ड तिनं उघडलंच नाही.
'मला फक्त पाणी,' म्हणाली,
पाठ केलेल्या कवितेसारखं, चेहरा न हलवता.
डब्यातलं काहीतरी पिशवीत होतं, दिसत होतं.
मी म्हणालो, थांब. विचारून येतो.

आत ओरेस्ते कोपरापर्यंत हात धूत होता.
मी तोंड उघडायच्या आत,
मागे न बघता, त्यानं विचारलं,
'किती जणांचं?'

निळं झाकण असलेल्या पातेल्यात तांदूळ पडला.
मी दाराशी उभा राहिलो.
चष्मा घसरत होता,
घसरू दिला.