वजनकाट्याचा मुखत्यार

इलीच्या उत्तरेला जमीन इतकी सपाट
की कारखान्याची चिमणी तीन गावांना दिसते.
इथे उसाची नाही, बिटाची साखर होते,
पण मळीचा वास तोच,
बाबांच्या शर्टांना यायचा तो.

चार कॉम्प्युटर, चार कंपन्यांचे,
आणि चौघांत अबोला.
वजनकाट्याचा, हिरव्या अक्षरांचा.
बॉयलरचा, ज्याचा कर्ता कॅनडाला गेला तो गेलाच.
डिफ्यूजरचा. प्रयोगशाळेचा.
एकाला टनाची भाषा कळे, एकाला दाबाची,
आणि मधून धावायचा टेरी वॉटलिंग, हातात चिठ्ठी घेऊन.

मला बजावलं होतं: आतलं काही उघडायचं नाही.
हंगामात चालत्या पट्ट्यात कुणी हात घालत नाही.
म्हणून प्रत्येकाच्या दाराशी मी एकेक एजंट बसवला.
आईने फोनवर विचारलं, विम्याचा का?
नाही गं, कुलमुखत्यार म्हण.
घरातला म्हातारा हट्टी, त्यात बहिरा,
तर हा ओट्यावर बसून त्याच्या वतीनं बोलतो:
आमच्याकडे इतकं आहे, इतकं जमेल, याहून नाही.
वर साहेब कुणी नाही.
आपसात काय ते ठरवा.

त्याला बोलायला शिकवायचं
म्हणून डोरीन कॅचपोलच्या केबिनमध्ये
सात आठवडे बसले, तिच्या थर्मासमधला कडू चहा पीत.
"गोटोबेडचा निळा ट्रक काट्यावर आला
की समज, मागे सहा ट्रक आहेत.
बांधावरचा रस्ता एकपदरी, आणि तो चालवतो असा,
जणू मागे अंडी भरलीत.
त्याला कुणी हॉर्न मारत नाही. बायको गेली ना त्याची."
मी लिहिलं: निळा, गोटोबेड, मागे सहा.
बाकीच्याला रकाना नव्हता.

बॉयलरवरचा कीथ पमेल एवढंच म्हणाला,
"रात्री कुणी वाफ मागितली तर लगेच हो म्हणू नये."
तेही लिहिलं. अकरा सेकंद.

डिसेंबरात, रात्री दोन दहाला, बाहेर उणे सात,
निळा ट्रक काट्यावर चढला.
वजनकाट्याचा म्हणाला, सहा येताहेत.
प्रयोगशाळेचा म्हणाला, गारठलेलं बीट आहे,
साखर उतरतेय, थांबवू नका.
डिफ्यूजरच्यानं वाफ मागितली.
बॉयलरचा गप्प.
मी आकडे मोजत होते, ओठांनी, लहान मुलीसारखी.
अकराव्याला तो म्हणाला, देतो,
पण बाष्पकाचा तिसरा टप्पा थोडा मंद करा.
करतो, म्हणाले.
माणसांना एवढ्यासाठी बैठक लागली असती, बिस्किटांसह.
मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग वाट पाहिली.
अंगणात दिव्याखाली बर्फाची खर.
रस्त्यावर एकही दिवा नाही.
वीस मिनिटं. चाळीस.
शेवटी छपरावरून जादा वाफ सोडावी लागली,
फुसकन, पांढरीशुभ्र, भरमसाट,
आणि टेरी खालून ओरडला, "कुणासाठी?"

सहाला डोरीन आली. कोट काढता काढता म्हणाली,
"काय म्हणाला माझा?"
सांगितलं.
ती हसली नाही. खुर्चीवर बसली.
"हॅरल्ड गोटोबेडनं नोव्हेंबरातच गाडी सोडली. डोळे.
आता नात चालवते. सुसाट.
तिच्या मागे कोण राहणार?
मला कुणी विचारलं नाही, बाई."

चौघे किती शहाण्यासारखे वागले होते.
एकही चुकला नव्हता.

मी तो नियम उघडला, नाव विचारलं.
"हेझल. आणि लिही, तिला घाई असते,
बाळ पहाटे उठतं, आजोबांना त्याला उचलता येत नाही."
मी लिहिलं: निळा, हेझल, मागे शून्य.
थांबले.
मग उरलेलंही लिहिलं, बाळ, पहाट, आजोबांचे डोळे,
ओळीच्या कडेला, टिपणीत,
जी कुठलाच एजंट वाचत नाही.