चार दिवस, ऑक्टोबरात

राफिलीना, आधी पहाटेच्या बोटीनं नापोलीला जायचं.
हो, जायचंच. इथं यायचं असेल
तर आधी इथून निघायला नको का?
धक्क्यावर एक कॉफी, उभ्याउभ्या,
आणि दहाच्या बोटीनं परत.
या खेपेला वरच्या डेकवर, डोक्याला रुमाल,
डोळ्यांवर माझ्या लेकीचा काळा चष्मा.
काप्री धुक्यातून पुढं आलं
की आपणही छातीवर हात ठेवायचा, त्या बायका ठेवतात तसा,
जणू एक्कावन्न वर्षांत हा डोंगर
कुणी दाखवलाच नव्हता आपल्याला.

खाली आनिएल्लो असेल हातगाडी घेऊन.
त्याला सांगून ठेवलंय, ओळख दाखवायची नाही.
आपल्या दोन पिशव्या त्यानं वर पोचवायच्या
आणि आपण पाच युरो द्यायचे
त्याच्याकडं न बघता.
बघितलं तर मला हसू फुटेल.

हॉटेल माझं नको.
तिथं भिंतीतला पाइप न् पाइप मला ठाऊक,
एकशेचारचा नळ रात्री का कण्हतो तेही.
वळणावरचं ते पिवळं बघ.
सीझन उतरला की निम्म्या भावात देतात.
बिस्किटांच्या डब्यात साडेचारशे आहेत, सगळे टिपांचे.
त्या जर्मन बाईची वीसची नोट वेगळी काढलीय.
ती आइसक्रीमला.

दुसऱ्या दिवशी काही नाही.
वहीत तसंच लिहिलंय: काही नाही.
म्हणजे काय करायचं, तू विचारलंस.
तेच तर मला येत नाही गं.
एकवीस वर्षं मी लोकांचं काही-नाही झटकत आले:
चादरीतली वाळू,
पहिल्याच पानाशी दुमडलेलं पुस्तक,
बाल्कनीत अर्धा पीच आणि त्याला लागलेल्या मुंग्या.
अकरापर्यंत लोळायचं.
दाराला ती पाटी अडकवायची.
तरी कुणी टकटक केलीच
तर ताडकन उठायचं नाही. ऐकतेयस?
अंथरूण आवरायचं नाही.
तुझा हात जाईल उशीकडं, माझाही जाईल;
एकमेकींचे हात धरून बसू.

तिसऱ्या दिवशी चौक.
रोज बादली घेऊन ओलांडला,
त्या वेताच्या खुर्चीला कधी पाठ टेकली नाही.
तिथल्या एका कॉफीत आपली दोन दिवसांची भाजी येते,
म्हणून ती दीड तास प्यायची.
माझा मालक समोरून गेला तर जाऊ दे.
मान हलवायची. किंचित.

निळी गुहा मी कंसात टाकलीय.
तुझ्या भावानं तीस उन्हाळे
परक्या माणसांना होडीत आडवं निजवून
त्या भोकातून आत नेलं.
मला म्हणायचा, तुलाही नेईन, सीझन संपू दे.
सीझन संपायचा
आणि समुद्र खवळायचा.
वल्ही अजून जिन्याखाली आहेत.
विकू नको म्हणालीस, नाही विकली.
त्या दिवशी पाणी निवांत असलं तर बघू.
नसलं तर मी रुसणार नाही,
आता कुणावर रुसायचं.

चौथ्या दिवशी पाळण्यातून सोलारोवर.
एकेकटीची खुर्ची असते, बोलता येणार नाही,
मला काही सांगायचं असलं तर ओरड.
वरून आपलं घर दिसेल:
लिंबांवरची जाळी, पाण्याची टाकी,
दोरीवर विसरलेला एक टॉवेल, कारण तो मी विसरणारच.
कुणाचं गं ते घर, मी विचारेन.
तू म्हण, काय की.
पण छान आहे, म्हण.

संध्याकाळी किल्ली परत करायची.
जाताना उशीखाली पाच युरो ठेवू.
थांब, तिथल्या खोल्या कोण करतं?
कार्मेलाची धाकटी ना, पाठदुखीवाली?
मग दहा ठेवू.
आणि टॉवेल एका जागी गोळा करून ठेव,
तिला वाकायला नको.