तीन वाटा

बोडीच्या पाळीवर सात बाया, सात टोपल्या.
आठवी मी, वनरक्षक, नोकरीला चारच महिने,
शर्टाची घडी अजून मोडायची होती.
पुढे तीन वाटा:
एक नाल्यात उतरते, एक बांबूच्या रांजीत शिरते,
एक सरळ थोराड मोहांखाली जाते,
जिथे रात्रभर टपटपून फुलं आता थकली असतील.

वाघ या अंगाला आहे, एवढं कळलं होतं.
रात्री कुठूनतरी सांबर ओरडलं.
कुठून, यावर सात जणींची सात मतं.
वाऱ्यानं धूळ कोरी करून ठेवलेली.
पंजा नाही, ओरखडा नाही, माकडंही मुकी.

मी म्हटलं, ट्रेनिंगमध्ये शिकवलंय,
एकीकडे झुकायला काहीच कारण नसेल
तर सगळीकडे सारखं धरायचं.
प्रत्येक वाटेला एक तृतीयांश.
बोलताना मला बरं वाटलं,
जणू त्याचे तीन तुकडे करून
मी प्रत्येक वाटेवर ठेवला
थोडा थोडा, न चावणारा वाघ.

जैवंताबाई उईके तंबाखू मळत होती.
"कायचे तीन? दोनच गोष्टी हायेत.
मी जाईन त्या वाटेनं तो हाये, नाहीतर नाही.
अर्धाअर्धा."
तिची सून हळूच म्हणाली,
"नाल्याची वाट पुढं फुटते ना, आत्या. चार झाल्या."

उभ्या उभ्या वाघ तिसऱ्याचा निम्मा झाला,
निम्म्याचा पाव.
मोजणारी बदलली की त्याचं वजन बदलायचं.
तो मात्र जिथे होता तिथे
पुरा होता.

"काल कोनती?" जैवंताबाईनं विचारलं.
काल नाला. परवा रांजी.
"मंग आज सरळ."
मोठमोठ्यानं बोलत गेलो. कोणाच्या तरी जावयाबद्दल.
फुलं वेचली, चिकट, थंडगार,
ऊन डोक्यावर येईतो.
कोणी दिसलं नाही.
यानं काही सिद्ध होत नाही,
म्हणून मी डायरीत लिहिलंही नाही.

परतताना पाळीवर, ओल्या चिखलात,
आमच्याच पावलांवर एक पंजा.
काठ अजून सुकला नव्हता.
जिथे उभं राहून आम्ही वाटे पाडले
ती जागा कोणीच मोजली नव्हती.

जैवंताबाई वाकली. बोटानं खोली पाहिली.
"याचा वाटा धराचा राहूनच गेला व माय."

मग टोपल्या सावरून आम्ही गावाकडे वळलो.
त्या बाजूला तर
एकच वाट आहे.