वस्तीची गाडी

मामाने रूट लिहून दिला जुन्या वेबिलाच्या पाठीवर,
मध्ये कार्बन घालून. एक प्रत मला, एक त्याला.
"मोबाईल काय सांगतंय ते सांगू दे,
त्याला कुठं चढ लागतोय?"

लुमाण्णा मुतगेकर, कंडक्टर, खानापूर डिपो.
बावीस वर्षं कारवारची वस्तीची गाडी.
स्टेजप्रमाणे उतरवलंय सगळं:

लोंढा. पाणी भरून घ्या.
रामनगर. पुढं हॉटेल नाही, असलं तरी बंद.
जोयडा. हितनं बायकांची बोली बदलते, ऐकत जावा.
कुंभारवाडा.
अणशी. गार वाटलं की समज, आलं.
घाटात ब्रेक आवळून धरू नको. सोड-धर, सोड-धर.
बसाप्पा ड्रायव्हर असाच उतरायचा
मागच्या सीटवर बाळंतीण असली की.
कद्रा. आता नदीच वाट दाखवते.
कारवार स्टँड, रात्री साडेनऊ.

त्याखाली दोन रेघा,
हिशेब मिटवल्यासारख्या.

"आणि समुद्र?"
"ऐकलाय की."
गाडीतच झोपायचा, तिकिटांची ट्रंक उशाला.
पहाटे पाचला डबल बेल, अंधारातच.
बावीस वर्षांत मीठ तेवढं आलं घरी
शर्टाच्या कॉलरला.

"येतो मामा," म्हणून मी पेडल मारलं.
आमच्याकडं बायकाही येतो-जातो-बघतो म्हणतात,
शिवलीलेला दर वेळी हसू येतं.
ती बैलहोंगलची. तिच्याकडं "बर्तीनि",
त्यात बाई नाही, बापई नाही,
नुसतं येणं.

अणशीला गार वाटलं. मी म्हटलं, आलं.
सोड-धर करताना मनगटं भरून आली,
मागच्या कॅरिअरवर
मेणकागदातलं कर्दंट आणि पंक्चरचं सामान,
पण मी उतरत होतो
कुणीतरी नुकतंच जन्मलेलं मागं बसल्यागत.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर चहा घेतला.
मामाचा कागद तिथं संपला.

बिणग्याचा चढ त्यात नव्हता.
अर्ग्याला समुद्र भिंतीच्या आत आहे,
नौदलाचा. रस्त्यावर फक्त वारा येतो,
भिंत चढून, पास नसलेला.
शिवलीला म्हणाली, "हा तुझ्या मामाचा समुद्र."

आमदळ्ळी. मुदगा.
अवर्साला एक म्हातारी तारली वाळत घालत होती,
सायकली लांब घ्या म्हणून कोकणीत ओरडली.
मला शब्द कळले,
शिवलीलेला आवाज. दोघींनी बरोबरच ब्रेक दाबले.

मग हारवाडा. रस्ता वळला
आणि उजवीकडं काहीच राहिलं नाही आडवं.
निळा म्हणणार नाही मी त्याला.
अकराच्या उन्हात तो नव्या शेडच्या पत्र्यासारखा होता,
बघायचं तर डोळे मिचकावून.

मामाला फोन लावला, धरला त्या दिशेला.
निम्मं वाऱ्याने खाल्लं.
"हां, हाच," तो म्हणाला, "रात्री हाच असायचा."
मग गप्प.
मग पेन झटकल्याचा आवाज.
"कुठली स्टेज ही?"
हारवाडा.
"कारवारपासनं किती?"
माझ्या मीटरवर चोवीस आणि वर काहीतरी,
शिवलीलेच्या सव्वीसला थोडं कमी.
"पंचवीस धर. तिकिटाला बरं पडतंय."
मग जरा थांबून,
"उजेड हाय?"
हाय, म्हटलं. लई हाय.

"लिहितो."

त्याच्याकडं उमटलं असेल.
माझ्याकडच्या प्रतीवर, दोन रेघांच्या खाली,
कोरंच राहिलं.
चेन बसवून काळं झालेलं बोट मी तिथं टेकवलं,
कागद चार घड्या करून टोपीत घातला.

अंकोला अजून नऊ-दहा किलोमीटर,
आणि वारा समोरून.