चाव्याची नोंद

मे महिन्यात मानोऱ्याला
चाव्याची नोंद घ्यायची तर सकाळी साडेसातच्या आत.
दहानंतर मेण कुणाचंच ऐकत नाही;
दोन जबड्यांनी मिळून ठरवलेलं
खिडकीतल्या उन्हानं वाकतं.

पंचफुलाबाई धोत्रे सहालाच येऊन बसलेली
खालच्या खताच्या दुकानाच्या पायरीवर.
चाळीस वर्षं गावोगाव जात्यांना टाकी लावली.
पुढचे दोन दात उडत्या कपरीनं नेले,
बाकीचे, तिच्या हिशेबात, आपल्या पायानं गेले.

वरच्या हिरडीवर मेणाची कड, खालच्या हिरडीवर मेणाची कड.
म्हटलं, जीभ मागे टाळूला लावा, गिळा,
आता हळूच तोंड मिटा.
तिनं जबडा पुढे काढला,
हिरड्यांनी भाकर कुस्करून लागलेली सवय.
पुन्हा. पुन्हा पुढेच.
तिसऱ्यांदा तिनं माझा हात बाजूला केला.

"डाक्तर, तुमी दाबून राह्यले.
पाळूवर पाळू टेकली तं पीठ नाही पडत, कच पडते.
मंदातल्या खिळ्यावर चिंधी ठेवा लागते.
बोटभर नाही, नखभर."

पुस्तकात या नखभर जागेला मोठं नाव आहे.
दोन ते चार मिलिमीटर.
तोंडी परीक्षेत मी न अडखळता सांगितलं होतं.

म म म म्हणा, म्हटलं.
"मले काहून लेकरू करता?"
आणि तिनं आपली गावं घेतली:
मंगरूळ, मालेगाव, मेडशी,
मोप.
मोपला ओठ दोनदा मिटले
आणि आत कडा टेकल्या नाहीत.
नाकावरच्या टिंबापासून हनुवटीच्या टिंबापर्यंत
मी पट्टी धरली, आकडा लिहिला.

मग तिनं गिळलं,
आणि खालचा जबडा आपणहून मागे गेला,
खिळ्यावर पाळू बसावी तसा.
मी श्वाससुद्धा जपून घेतला, मेण थिजेपर्यंत.

माठातलं पाणी स्टीलच्या डब्यात, पाण्यात तो चावा.
साडेआठची अमरावती गाडी.
कंडक्टरला रोजच्यासारखं बजावलं, बॉनेटजवळ नको.

डब्यासोबतच्या चिठ्ठीवर दातांच्या रंगाचा नंबर,
उंचीचा आकडा,
आणि खाली, पंचफुलाबाईनं उभं राहून लिहायला लावलेलं:
टाकी दाट नको.

संध्याकाळी लॅबवाल्याचा फोन.
"सर, हे शेवटचं काय आहे?"
मी शब्द शोधत गप्प राहिलो.
तेवढ्यात लक्षात आलं,
माझे ओठ मिटलेले आहेत
आणि दात
एकमेकांना लागलेले नाहीत.